टीपीएसवाला आपल्या रांगेत उभाच नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आपण नियमाने आलो आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारे झालो. ते कुंपण ओलांडून येतात, टीपीएस घेतात, फुकट रेशन खातात आणि मागच्या दाराने ग्रीन कार्ड उचलतात. टेम्पररी फक्त नावाला!’

रांगेचं दुखणं खरं आहे. बाकीचं तपासू.

मागचं दार? टीपीएस म्हणजे ‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’: युद्ध, भूकंप, वादळ अशा कारणाने मायदेशी पाठवणं धोक्याचं असेल तोवर हद्दपारीपासून संरक्षण आणि वर्क परमिट. मुदत एका वेळी ६ ते १८ महिने. त्यातून ग्रीन कार्डाकडे वाट जात नाही, त्याला वेगळा आधार लागतो. बेकायदा शिरलेल्याला टीपीएस मिळाला म्हणून तो ‘रीतसर प्रवेश’ ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये एकमताने सांगितलं. अर्जदार एल साल्वाडोरचा होता आणि वीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहत होता.

काल कुंपण ओलांडलं, आज टीपीएस, असंही होत नाही. २००१ च्या भूकंपांनंतर एल साल्वाडोरला टीपीएस मिळाला, त्याची अट होती १३ फेब्रुवारी २००१ पासून अमेरिकेत सलग वास्तव्य. चौदा तारखेला पोचलेला बाहेर. एक मोठा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले, तरी बाहेर.

रेशन? फूड स्टॅम्प टीपीएसवर मिळतच नाहीत.

‘टेम्पररी नावाला’ हा टोमणा मात्र अर्धा लागू पडतो. दर मुदतीला नवा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, असं करत माणसं वीस-वीस वर्षं तात्पुरती राहिली, आणि अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्यावर तोडगा काढला नाही. पण बोस्निया, कोसोव्हो, लायबेरिया यांचा टीपीएस संपलाही. माँटसेराट या कॅरिबियन बेटाची गंमत तर औरच: ज्वालामुखी लवकर थांबायची चिन्हं नाहीत, म्हणजे संकट ‘तात्पुरतं’ उरलं नाही, म्हणून २००५ मध्ये संरक्षणच काढून घेतलं!

मग आपली रांग का हलत नाही? नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यांतच बायको-मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला सहसा ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. टीपीएसने यातलं एकही कार्ड खर्च होत नाही. हे आकडे १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातले. टीपीएसही त्याच कायद्यातला. आणि ज्यावर आपण आलो, तो एच-वन-बी व्हिसासुद्धा.