‘अमेरिकेतला सर्वात लहरी मतदारसंघ’: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून मामांनी एक मेसेज पुढे ढकलला. खाली त्यांची ओळ होती, ‘अगं, तुमच्या अटलांटाचं आलंय बघ. खरं आहे का?’ दोन दिवसांत तोच मेसेज इथल्या दोन मराठी ग्रुपांवरही फिरून आला. मजकूर थोडक्यात असा:

‘अमेरिकेतला सर्वात लहरी मतदारसंघ! जॉर्जियाचा सहावा. २०१६ लाल, २०१८ निळा, २०२२ परत लाल, २०२४ परत निळा. आठ वर्षांत चार वेळा पलटी! पंचवीस वर्षांचा रिपब्लिकन बालेकिल्ला एका रात्रीत कोसळला. पाडला कोणी? आपल्या भारतीयांनी! हजारो रिपब्लिकनांनी नोंदणी बदलून डेमोक्रॅट केली. पैसा ओतला की उपनगरवाले कुठेही झुकतात.’

सहावा म्हणजे जॉर्जिया राज्यातला, अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाचा (प्रतिनिधीगृहाचा) सहा नंबरचा मतदारसंघ. लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट. पलट्या मोजल्या तर तीनच भरतात, पण ते सोडून देऊ.

मी याच सहाव्यात राहते. म्हणजे राहत होते. घर बदललेलं नाही, तरी ‘होते’ म्हणावं लागतं, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आधी पलट्यांचं बघू. आमचं घर अटलांटाच्या उत्तरेला, जॉन्स क्रीकमध्ये. २०१८ ला आम्ही सहाव्यात होतो आणि डेमोक्रॅट लूसी मॅकबाथ निवडून आल्या. २०२२ च्या निवडणुकीआधी टपालाने नवं मतदार कार्ड आलं. त्यावर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, रकान्यात ६ चा ७ झालेला. खासदार मात्र मॅकबाथच राहिल्या, कारण त्याही सातव्यातून उभ्या राहिल्या होत्या. २०२४ ला आकडा सातच राहिला आणि खासदार झाले रिपब्लिकन रिच मॅककॉर्मिक. घर तेच, दारातली टपालपेटी तीच, तिचं वाकडं झालेलं लाल निशाणही तेच.

झालं काय, तर दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. जॉर्जियाला १४ जागा आहेत, आणि २०२० च्या जनगणनेनुसार एका जागेमागे साधारण ७ लाख ६५ हजार माणसं. ही आखणी आपल्यासारखा पुनर्रचना आयोग करत नाही, राज्याचं विधिमंडळ करतं. तिथे बहुमत रिपब्लिकनांचं. २०२१ मध्ये त्यांनी सहाव्यातून डीकॅल्ब काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) भाग काढला आणि उत्तरेकडची फोर्साइथ, डॉसन आणि चेरोकीचा एक तुकडा जोडला. जुन्या हद्दीत २०२० ला राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानात बायडन ११ टक्क्यांनी पुढे होते. नव्या हद्दीत तीच २०२० ची मतं पुन्हा मोजली तर ट्रम्प सुमारे १५ टक्क्यांनी पुढे निघत. म्हणजे २०२२ मध्ये मॅककॉर्मिक ६२ टक्के घेऊन जिंकले त्याच्या वर्षभर आधीच निकाल कागदावर लागलेला होता. मतदाराने कूस बदललीच नाही, त्याच्याखालचं अंथरूण ओढून दुसरीकडे टाकलं.

मग २०२४ चा निळा कुठून आला? ऑक्टोबर २०२३ मध्ये संघीय न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी हा नकाशा मतदानातला वंशभेद रोखणाऱ्या १९६५ च्या मताधिकार कायद्याचा भंग करतो असा निकाल दिला आणि अटलांटाच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय बहुसंख्येचा आणखी एक मतदारसंघ आखायला सांगितलं. डिसेंबरात विधिमंडळाने तो आखला, त्याला आकडा दिला सहा, आणि त्याच झटक्यात आमचा सातवा मोडून उत्तरेच्या डोंगराळ भागाला जोडून टाकला. त्यामुळे १४ जागांत नऊ रिपब्लिकन आणि पाच डेमोक्रॅट हे प्रमाण जिथल्या तिथे राहिलं. नवा सहावा कॉब, डग्लस, फुल्टन आणि फेएट या काउंट्यांचे तुकडे जोडून झालाय. मॅकबाथनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मतं घेऊन जिंकल्या. जॉन्स क्रीक, अल्फरेटा, डनवुडी, ब्रुकहेवन, ज्यांच्या मतांवर २०१८ चा गाजावाजा झाला, ती गावं त्यात नाहीत. मेसेजमधले चार रंग किमान तीन वेगवेगळ्या भूभागांचे आहेत.

आपल्याकडे २००८ च्या पुनर्रचनेत खेड जाऊन शिरूर आला, पंढरपूर जाऊन माढा आला. नाव बदललं म्हणून निदान कळलं तरी की जमीन बदलली. इथे मतदारसंघाला फक्त आकडा, आणि आकड्याला वेस नसते.

हा आकडा आधीही फिरलेला आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच १९७८ मध्ये सहाव्यातून पहिल्यांदा निवडून आले तेव्हा तो सहावा अटलांटाच्या नैर्ऋत्येला, कॅरलटनकडे होता. १९९० च्या जनगणनेनंतर तेव्हाच्या डेमोक्रॅटिक विधिमंडळाने त्यांचा मतदारसंघ फोडला आणि सहा हा आकडा उत्तरेच्या उपनगरांवर चिकटवला. गिंग्रिचनी घर उचललं, कॉब काउंटीत आले, १९९२ ची पक्षांतर्गत निवडणूक जेमतेम ९८० मतांनी काढली आणि तीन वर्षांत प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष झाले. ज्याला मेसेज ‘पंचवीस वर्षांचा बालेकिल्ला’ म्हणतो, तो असा विरोधकांच्याच हातून बांधला गेला. हे मी मामांना मुद्दाम सांगितलं. त्यांना असले किस्से आवडतात.

आता ‘एका रात्रीत कोसळला’. हा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण इथे बदल डोळ्यांसमोर आणि सावकाश झाला.

अटलांटाभोवती २८५ क्रमांकाचा गोल महामार्ग आहे, त्याला सगळे पेरिमीटर म्हणतात. त्याच्या आत राहणारे आयटीपी आणि बाहेरचे ओटीपी. (इथे कुणी ‘मी ओटीपी’ म्हणालं तर फोन काढू नका, तो आपलं गाव सांगतोय.) जुना सहावा बहुतांशी ओटीपी होता, पण सगळा नाही. त्याचे तीन तुकडे होते. पश्चिमेला ईस्ट कॉब: मोठी आवारं, चांगल्या शाळा, जुने रिपब्लिकन. मध्ये चॅटाहूची नदीच्या अल्याडपल्याड चारशे नंबरच्या रस्त्यावर ओवलेली फुल्टनची गावं: सँडी स्प्रिंग्ज, रॉसवेल, अल्फरेटा, मिल्टन, आमचं जॉन्स क्रीक. आणि पूर्वेला डीकॅल्बचा उत्तर भाग: डनवुडी, ब्रुकहेवन, शांब्ली, डोराव्हिल. डोराव्हिलचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला. तिथून जाणाऱ्या ब्युफर्ड हायवेवर कोरियन, व्हिएतनामी, मेक्सिकन पाट्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. कॉबने १९६५ मध्ये मार्टा ही शहराची सार्वजनिक वाहतूक नाकारली ती नाकारलीच. उत्तरेची रेल्वे आजही सँडी स्प्रिंग्जमधल्या नॉर्थ स्प्रिंग्ज स्थानकावर संपते, पुढे आपापली गाडी आणि आपापलं नशीब. ज्याला मेसेज एकच ‘उपनगर’ समजतो, त्यातली ही माणसं एकमेकांना फारशी भेटतही नाहीत.

२०१२ ते २०२० या काळात सहाव्याची हद्द एकच होती, म्हणून या वर्षांची तुलना खरी. याच जमिनीवर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी साधारण २३ टक्क्यांनी पुढे होते. २०१६ मध्ये ट्रम्प जेमतेम दीड टक्क्याने. २०२० मध्ये बायडन ११ टक्क्यांनी. आठ वर्षांत ३४ टक्क्यांचा सरकाव, आणि दोन्ही वेळा एकाच दिशेने. लहरी माणूस असा चालतो का?

पडझड शिखरापासून, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांपासून, सुरू झाली. २०१६ मध्ये ट्रम्प दीड टक्क्याने निसटले त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, रिपब्लिकन खासदार टॉम प्राइस जवळपास ६२ टक्के घेऊन जिंकले. त्यांच्याविरुद्धच्या डेमोक्रॅट उमेदवाराचा ना धड फोटो होता, ना संकेतस्थळ, ना प्रचार. पत्रकार त्याला शोधत फिरले. तरी त्याला ३८ टक्के पडले. म्हणजे हजारो लोकांनी राष्ट्राध्यक्षासाठी एक पक्ष आणि खासदारासाठी दुसरा, असं मत दिलं. इथल्या प्रौढांपैकी साठेक टक्के पदवीधर होते. रिपब्लिकन खासदार असलेल्या मतदारसंघांत शिक्षणाचं इतकं प्रमाण फार थोड्या ठिकाणी होतं. करकपात, धंदा आणि शाळा यांच्यावर पोसलेल्या या रिपब्लिकनांना ट्रम्प रुचले नाहीत, पण प्राइस चालत होते. पक्षाशी काडीमोड घ्यायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.

प्राइस ट्रम्प सरकारात आरोग्यमंत्री झाले म्हणून २०१७ ची पोटनिवडणूक लागली. एप्रिलच्या पहिल्या फेरीत अठरा उमेदवार. डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांना ४८.१ टक्के, म्हणजे पन्नाशीला थोडे कमी, म्हणून दुसरी फेरी लागली. जूनच्या दुसऱ्या फेरीत रिपब्लिकन कॅरन हँडल ५१.८ विरुद्ध ४८.२ ने जिंकल्या. २०१८ मध्ये मॅकबाथनी हँडलना ३,२६४ मतांनी हरवलं. २०२० मध्ये त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या तेव्हा फरक ३६ हजारांच्या वर गेला. चार निकाल, चार पायऱ्या. ‘एका रात्रीत’ ती रात्र नेमकी कुठली, ते मेसेजवाल्याने सांगावं.

याच ओघात पैशाचं उत्तर मिळतं. २०१७ ची पोटनिवडणूक प्रतिनिधीगृहाच्या इतिहासात तोवरची सर्वात महाग, दोन्ही बाजू मिळून पाच कोटी डॉलरच्या वर. टीव्ही लावला की जाहिरात, यूट्यूब लावलं की जाहिरात, आणि संध्याकाळी कणीक मळायला घेतली की दारात क्लिपबोर्डवाला मुलगा. ज्याच्यासाठी देशभरातून सर्वात जास्त वर्गणी आली तो ऑसॉफ हरला. दीड वर्षाने त्याच्या तुलनेत किरकोळ पैशात मॅकबाथ जिंकल्या. त्या डेल्टा विमान कंपनीत हवाईसेविका होत्या. त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या पेट्रोलपंपावर मोठ्याने गाणी लावल्याच्या वादातून गोळी घातली गेली, आणि त्यानंतर त्या बंदूक-नियंत्रणाच्या चळवळीत उतरल्या.

नोंदणी बदलल्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जॉर्जियात मतदार नोंदणी पक्षाप्रमाणे होतच नाही. अर्जावर वंश विचारतात, पक्ष विचारत नाहीत. जे रजिस्टरच नाही त्यातली हजारो नावं बदलली कशी?

राहिला आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. भारतीयांनी बालेकिल्ला पाडला. वाचायला छान वाटतं, मलाही वाटलं. जॉन्स क्रीकमध्ये संध्याकाळी फिरायला निघालं की तेलुगू, गुजराती, मराठी कानावर पडतं, दिवाळीत दारोदार पणत्या दिसतात. पण रस्त्यावरची माणसं आणि यादीतले मतदार हे वेगळे हिशेब. आमच्या गल्लीत सात घरं, त्यांपैकी तीन भारतीय. २०१८ मध्ये त्या तिघांपैकी मतदान एकट्या आमच्याच घरातून झालं. एक कुटुंब एच-वन व्हिसावर, दुसरं ग्रीनकार्डच्या रांगेत. नोकरीवरच्या ग्रीनकार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. ग्रीनकार्डानंतरही नागरिक व्हायला सहसा पाच वर्षं जातात. मी चर्चच्या हॉलमध्ये मत देऊन छातीवर पीच फळाचं स्टिकर लावून आले, तेव्हा शेजारची वहिनी म्हणाली, ‘जपून ठेव हो, आम्हाला मिळेपर्यंत मुलं मतदार होतील.’

जुन्या सहाव्यात सगळे आशियाई मिळून लोकसंख्येच्या दहा-अकरा टक्के. त्यांत कोरियन आले, चिनी आले. मतदारांतलं प्रमाण त्याहून कमी. हां, फरक ३,२६४ चा असला की भारतीय ‘आमच्यामुळे’ म्हणू शकतात. कोरियनही म्हणू शकतात, ब्रुकहेवनमधली भाड्याच्या घरांतली तरुण मंडळीही, ईस्ट कॉबच्या ज्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा डेमोक्रॅटला मत दिलं त्याही, आणि कृष्णवर्णीय मतदार तर नक्कीच. हिशेबाने सगळेच बरोबर. पण पाटी एकाच्याच नावाची लावायची असेल तर ती आमची नव्हे.

मामांना हे सगळं सांगून झालं. त्यांनी विचारलं, ‘मग आता तुमचा भाग लाल झाला म्हणायचा ना?’ खासदार लाल झाला, मामा. आमच्या घराच्या उत्तरेला मॅकगिनिस फेरी रोड ओलांडला की फोर्साइथ काउंटी लागते. आता आम्ही तिच्याबरोबर एकाच मतदारसंघात आहोत. १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांना हाकलून देणारी आणि पुढे कितीतरी दशकं जवळपास निव्वळ गोरी राहिलेली ही काउंटी. तिथेही आता शाळेच्या बसथांब्यावर निम्मे आजी-आजोबा देशी दिसतात. तिने २०१२ मध्ये रॉम्नींना ८० टक्के दिले होते, २०२० मध्ये ट्रम्पना ६६. मेसेजमधल्या रंगांच्या यादीत हे चौदा टक्के कुठेच सापडणार नाहीत. तिथे दोन्ही वर्षी ‘लाल’ एवढंच लिहिलेलं असेल.