पाच स्टार आणि बाकीचे दिवे

हल्ली गाडी घेतली म्हटलं की लोक पेढ्याच्या आधी स्टार विचारतात, म्हणजे गाडी आपटून बघितल्यावर सुरक्षिततेचे किती मार्क मिळाले ते. पूर्वी "ॲव्हरेज काय देते?" एवढा एकच प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर प्रत्येकजण दोनाने वाढवून सांगायचा, त्यामुळे सगळेच खूश. आता सोसायटीतलं लायसन्स न निघालेलं पोरगंसुद्धा पार्किंगमध्ये येऊन दारावर टकटक करतं, पत्रा किती जाड आहे ते बघतं आणि विचारतं, "काका, किती स्टार?" माझं उत्तर तयार असतं. "पाच. युरो एनकॅपचे, युरोपातल्या सुरक्षा चाचणीचे." पोरगं गार. मग मी रुबाबात आत बसतो, स्टार्टचं बटण दाबतो आणि डॅशबोर्डवर जे काय दिवे लागतात ते बघून तेच पोरगं विचारतं, "काका, हे पण पाचच असतात का?"

गाडी जर्मन आहे, लक्झरी सेडान आहे, 2013 ची आहे आणि सेकंडहँड आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच त्यांना वाटायचं मी त्यांचा ग्राहक आहे. मिळाली नव्या हॅचबॅकच्या भावात, कारण दिल्लीची. तिकडे 10 वर्षं झालेल्या डिझेल गाडीवर बंदी आली, 2015 ला हरित लवादाने आदेश काढला, 2018 ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला, तेव्हापासून 2025 मध्ये कोर्टाने कारवाई थोपवेपर्यंत तिकडच्या मोठमोठ्या गाड्या नववं वर्ष लागलं की एनओसी घेऊन खाली निघायच्या आणि आपल्याकडे येऊन एमएच बारा व्हायच्या. डीलर म्हणाला, "सर, सिंगल ओनर. लेडी डॉक्टरची गाडी." मला आजवर लेडी डॉक्टरची नसलेली सेकंडहँड गाडी कुणी दाखवलेलीच नाही. या देशातल्या यच्चयावत लेडी डॉक्टर फक्त रविवारी गाडी काढतात, चाळीसच्या वर जात नाहीत आणि शोरूम कंडिशनमध्ये विकून टाकतात, एरवी दवाखान्यात कशा पोचतात देव जाणे. "बॉडीला टच नाही सर, एक रुपया लावायचं काम नाही, बसा आणि निघा. आणि मेन म्हणजे फाइव्ह स्टार!" शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून म्हटलं, धंदेवाईक माणूस.

आता हे स्टार म्हणजे काय भानगड आहे ते मी वाचून काढलं, कारण एवढ्या पैशात वाचनच परवडत होतं. युरो एनकॅपवाले 1997 पासून गाड्या आपटतायत. तेव्हाच्या पद्धतीत गाडी ताशी 64 ने समोरच्या अडथळ्यावर घालायची, तीसुद्धा पूर्ण तोंडाने नाही तर एका बाजूने चाळीस टक्के. आत डमी बसलेले. डमी सांगितल्या जागी बसतो, पाठ टेकून बसतो, बेल्ट लावतो, पाय डॅशबोर्डवर ठेवत नाही, मागे वळून पोराला चापट मारत नाही, शेंगा सोलत नाही. गाडी कोरी, टायर कोरे, सगळ्या वायरी जागच्या जागी. शिवाय ती युरोपातली गाडी, त्यांच्या यादीतली सगळी उपकरणं लावलेली. तिला मिळाले पाच स्टार. आणि माझी? हिचे सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत, हिच्या मागच्या सीटवर सासरे बसतात.

त्यात हे स्टार सहा वर्षंच चालतात. खरंच, युरो एनकॅप सहा वर्षांनी रेटिंग मुदतबाह्य धरतं, कारण परीक्षा कडक होत जाते. फियाट पुंटोला 2005 मध्ये पाच स्टार होते. 2017 मध्ये तीच गाडी किरकोळ बदलांसकट परत आपटली तर शून्य. बिचारीने मधल्या 12 वर्षांत कुणाचंही वाकडं केलेलं नव्हतं, जागेवरच होती, जग पुढे गेलं. आणि महागड्या गाड्यांना म्हणाल तर अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 2012 मध्ये भलताच चावटपणा केला. गाडीचा फक्त पाव भाग, म्हणजे हेडलाइटकडचा कोपरा, अडथळ्यावर घालायचा, वेग साधारण तोच 64. अकरा लक्झरी आणि लक्झरीच्या आसपासच्या सेडान लावल्या रांगेत, त्यातल्या बरा शेरा मिळाला फक्त तिघींना. ॲक्युरा टीएल आणि व्होल्वो एस60 पहिल्या वर्गात, इन्फिनिटी जी काठावर, आणि मर्सिडीजची सी-क्लास, ऑडीची ए4, लेक्ससच्या दोन अशा खानदानी मंडळींना थेट 'पुअर'. एका गाडीचं तर ड्रायव्हरचं दार बिजागरीतून सुटून बाजूला पडलं. माझी गाडी या यादीत आहे की नाही हे मी सांगणार नाही, अजून विकायची आहे कधीतरी.

घेण्याआधी गॅरेजवाल्या काकांना घेऊन गेलो होतो. मला वाटलेलं काका बॉनेट उघडतील, ऑइलमध्ये बोट बुडवतील, वास घेतील. काका थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं. इंजिन चालू नाही, नुसते दिवे. "हे बघा साहेब, आता सगळे दिवे लागले पाहिजेत आणि मग एकेक करून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर कुणीतरी हात मारलाय, गाडी सोडून द्यायची. लागला आणि विझला नाही तर भाव पाडायचा." मग त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि त्याच्या मुळाशी नाक लावलं. पुरातली गाडी कितीही पॉलिश केली तरी बेल्टच्या त्या आतल्या गुंडाळीत गाळाची रेघ राहते म्हणे, तिथवर कुणाचा साबण पोचत नाही. बेल्टवर एक लेबल असतं त्यावरची तारीखही बघितली, गाडी 2013 ची आणि बेल्ट 2018 चा निघाला असता तर टच बंपरला नव्हे, चांगलाच कुठेतरी झालाय असं समजायचं, कारण जोरात धडक बसली की बेल्टचा ओढणारा भाग एकदाच उडतो आणि बदलावा लागतो. टायरवरचे चार आकडे पण वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे सगळं होईपर्यंत डीलर तीनदा चहा सांगून आला.

आमचा एअरबॅगचा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"सेन्सरचा इशू आहे सर, चालवत राहिलं की जातो," डीलर. काका काही बोलले नाहीत, ते सीटखाली पालथे पडून मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होते. सीटखाली एक पिवळा प्लग असतो, सीट मागेपुढे करून करून तो सैल होतो, की गाडी समजते काहीतरी बिघडलंय आणि दिवा लावून मोकळी. आता तो दिवा चालू असताना आपटलात तर एअरबॅग उघडेलच असं नाही. म्हणजे ज्या पिशवीचे मार्क धरून पाच स्टार आले ती आत घडी घालून स्वस्थ आणि बाहेर मी सगळ्यांना पाच सांगत फिरणार. काकांनी प्लग दाबला, स्कॅनर लावून कोड उडवला, दिवा गेला. मग डीलरने भाव परत वाढवला. काका म्हणाले, "साहेब, दिवा आधी विचारायचा असतो, नंतर घालवायचा असतो." हे मला आधी सांगितलं असतं तर.

काकांच्या गॅरेजबाहेर एक बाकडं आहे, तिथे अशा गाड्यांचे मालक बसलेले असतात. इस्त्रीचे शर्ट, हातात चांगली घड्याळं, चेहरे पडलेले. कुणी नवीन आला की सरकून जागा देतात आणि हळूच विचारतात, "तुमचं काय?" एकाचा टायमिंग चेनचा आवाज येतोय. एकाचं ऑइल गळतंय पण कुठून ते कळत नाही, कारण ते गळून इंजिनखालच्या प्लास्टिकच्या ताटात साठतं आणि पार्किंगमध्ये डाग पडत नाही, त्यामुळे बायकोला दोन वर्षं पत्ता नाही. बी विंगमधले साहेब आहेत, त्यांच्या गाडीला एअर सस्पेन्शन, रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी एका कुशीवर म्हशीसारखी बसलेली असते आणि स्टार्ट केल्यावर कंप्रेसर घुर्रर्र करून तिला उठवतो, कधी उठते, कधी उठत नाही. या बाकड्यावर कुणी स्टारबद्दल बोलत नाही. पार्टच्या किमतीबद्दल बोलतात, आणि आवाज खाली घेऊन बोलतात. गाडीची किंमत पाव झाली तरी पार्टला ते कुणी कळवलेलं नसतं, तो अजून शोरूमच्या भावातच आहे. मग काही जण कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन जुना पार्ट घेऊन येतात आणि तो कागदात गुंडाळून मांडीवर धरून बसतात.

माझा पहिला नंबर कूलंटने, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याने, लागला. स्क्रीनवर नम्रपणे मेसेज येतो, कूलंट लेव्हल लो. भरलं की आठवडाभर गप्प. या गाड्यांमध्ये कूलंटची टाकी, पाइपांची तोंडं, थर्मोस्टॅटचं घर, बरंच काही प्लास्टिकचं, आणि प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून निवून कडक होतं आणि शिवणीवर बारीक तडकतं. टाकी बदलली तर पाइपाचं तोंड तुटलं, पाइप बदलला तर वॉटर पंप. काका म्हणाले, "साहेब, आता प्रेशर पुढच्या कमजोर जागी गेलं."

पण खरा प्रताप सनरूफचा. जुलैत एका सकाळी गाडीत पाय ठेवला तर पचक्. मॅट ओली, कार्पेट ओलं, वर हात लावला तर छत कोरडं ठणठणीत. सनरूफ गळत नाही, तो मुळातच पाणी आत घेतो आणि चार कोपऱ्यांतल्या चार बारीक नळ्यांतून खांबांमधून खाली सोडून देतो, जर्मनीत. आमची गाडी पर्जन्यवृक्षाखाली उभी असते. त्याची ती नखाएवढी पानं नळीच्या तोंडाशी जाऊन बसली की पाणी वाट फुटेल तिकडे, म्हणजे आपल्या पायाशी. काकांनी गवत कापायच्या मशिनची नायलॉनची तार घेतली, टोक चटका देऊन गुळगुळीत केलं, सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या भोकात हळूहळू सरकवत राहिले. तार अडली. काका थांबले, जरा फिरवली, परत ढकलली. गाडीच्या पोटात कुठेतरी गुडगुड झालं आणि पुढच्या चाकामागून काळं, चिकट, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी भदकन पडलं, त्यात एक अख्खं पान आणि एक मुंगी. मुंगी चालायला लागली. कार्पेटखाली दोन बोटं जाडीचा स्पंज, त्याच्याखाली वायरिंग, हे सगळं वाळवायला आम्ही घरचा हेअर ड्रायर आणला, तो अजून मला परत मागितला जातोय. वाळेपर्यंत एअरबॅगचा दिवा परत आला होता हे सांगायला नकोच.

बॅटरी डिकीत आहे आणि डिकी बॅटरीवर उघडते, त्यावर मी वेगळं लिहीन.

या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये मला एक गोष्ट सापडली. रुमालाखाली होती. सीटबेल्टच्या बकलचं नुसतं तोंड, पट्टा नाहीच, ते खोचलं की गाडीला वाटतं बेल्ट लागला आणि टुंगटुंग बंद. 2023 मध्ये सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना ही क्लिप काढून टाकायला सांगितली, तोवर ती लोकांनी खुशाल घेतली. म्हणजे बाईंनी पाच स्टारची गाडी घेतली, आणि वर त्या क्लिपचे पैसे पण दिले. लेडी डॉक्टर!

मी ती क्लिप फेकून दिली आणि घरात युद्ध सुरू झालं. पुढचं ठीक आहे, पण मागच्या बेल्टला आपल्याकडे कुणी बेल्ट मानतच नाही. सासरे म्हणतात, "जावईबापू, मागे कुठे असतं का हे? मागे आपण आरामात बसायचं." मी नियम सांगतो, मागच्यांनाही बेल्ट लावायचाच आहे, आणि 2022 च्या सप्टेंबरात पालघरजवळ पुलावर झालेल्या अपघातात गेलेले दोघेही मागे बसलेले होते, बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्यावर ते एक मिनिट गप्प बसतात, बेल्ट लावतात आणि खोपोली फूड मॉलला उतरले की परत बसताना त्याच्यावर बसतात. सासूबाईंचं वेगळं, त्यांना बेल्ट मान्य आहे, इस्त्री मोडते ते मान्य नाही. त्या बेल्ट हाताने साडीपासून चार बोटं लांब धरून बसतात, पुण्यापासून दादरपर्यंत.

त्यात आमच्या सोसायटीचे स्पीड ब्रेकर. रस्त्यांच्या मानकात गोलाकार ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय, म्हणजे कसा, चढलोय कधी आणि उतरलोय कधी कळू नये. आमच्याकडे उंची कमिटीच्या रागावर ठरते. माझी गाडी रिकामी असताना तिरकी घालून कशीबशी निघते, माणसं बसली की पोट घासतं आणि तो आवाज थेट काळजात जातो. परवा दादरहून आलो, गाडीत चौघं, डिकीत सासूबाईंनी आणलेला तांदूळ. मी गेटच्या आत गाडी थांबवली आणि मागे वळून म्हटलं, "आई, जरा उतरता का, एवढा एक ब्रेकर." त्या उतरल्या. मी तिरकी घातली, एक चाक, दुसरं चाक, निघाली. म्हटलं, "या, बसा." त्या म्हणाल्या, "पुढे अजून दोन आहेत ना? तुम्ही या सावकाश." आणि चालायला लागल्या. मी दुसऱ्यावर होतो तेव्हा त्या लिफ्टपाशी होत्या, आणि आम्ही गाडी लावून, डिकी उघडून, म्हणजे उघडायचा प्रयत्न करून, शेवटी तांदूळ तिथेच ठेवून वर गेलो तर कुकरच्या दोन शिट्या झालेल्या होत्या.