ट्रान्समीटर बंद करायची घाई कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. 'जुन्या आठवणींचे कढ' हा शेरा जरा झोंबला, पण ते असो. तुमचं म्हणणं असं, की इंटरनेटवर जगभरची रेडिओ स्टेशनं स्वच्छ ऐकू येतात, नॉर्वेने तर एफएम बंदच करून टाकलं, मग ट्रान्समीटरवर पैसे कशाला घालवायचे?

स्वच्छ आवाजाबद्दल वादच नाही. खरखर ऐकण्यात कसलं आलंय सुख! मीही बरंचसं ॲपवरच ऐकतो.

नॉर्वेचा दाखला मात्र तुमच्या कामाचा नाही. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून हलल्या त्या डीएबीवर, म्हणजे डिजिटल रेडिओ प्रसारणावर. डीएबी डिजिटल खरं, पण येतं मनोऱ्यावरून, हवेतूनच. त्याला ना सिम लागतं, ना डेटा. शिवाय बऱ्याच स्थानिक स्टेशनांना एफएमवर राहू दिलं, ते वेगळंच.

आता खर्च. ट्रान्समीटरचं विजेचं बिल दणदणीत असतं, मध्यम लहरींचं तर विचारूच नका. पण ऐकणारे दहा असोत की दहा लाख, बिल तेवढंच. स्ट्रीमिंगमध्ये सर्व्हरकडून प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह जातो. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) साधा आवाज धरला तरी माणशी तासाला सुमारे २९ एमबी. लाखभर लोक एकदम ऐकायला आले, की सेकंदाला ६.४ गिगाबिट! हा भार पेलणाऱ्या यंत्रणा आहेत, फुकट नाहीत एवढंच. वर श्रोत्याचाही डेटा खर्च होतो. म्हणजे कार्यक्रम जितका गाजेल, तितका खिसा हलका.

उशीर हा आणखी एक घोळ. स्ट्रीमिंगमध्ये बहुतेकदा आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि ॲप दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय वाजायलाच लागत नाही. बीबीसी १९२४ पासून वेळ सांगणारे 'पिप्स', म्हणजे छोटे बीप, ऐकवते. ॲपवर त्यांच्या भरवशावर घड्याळ लावलंत तर ते मागेच पडेल. सामन्याचं वर्णन ऐकताना तर गंमतच. पलीकडच्या खोलीतल्या एफएमवर आरडाओरडा होऊन जातो आणि आपल्या कानात गोलंदाज अजून धावतोच आहे.

आणि वीज गेली की? २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये वीज गेली, पाठोपाठ बऱ्याच ठिकाणी मोबाइलचं नेटवर्कही बसलं. लोक बातम्या ऐकत होते बॅटरीच्या ट्रान्झिस्टरवर आणि गाडीतल्या रेडिओवर. त्या दिवशी ॲप काय कामाचं?

स्ट्रीमिंग वाढवा, जरूर वाढवा. फक्त एफएमचं काय करायचं हे ॲपच्या डाउनलोडवरून ठरवू नका. उलट माझी तक्रार फोन कंपन्यांकडे आहे. कित्येक फोनच्या चिपमध्ये एफएम रिसीव्हरची सोय असते, पण कंपनी ती चालूच करत नाही. ती चालू करणं सक्तीचं करावं, असं माझं मत. यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते वाचायला आवडेल.