मार्चअखेर देणी कशी आटवावीत

आयुर्विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नवीन लागलात? मग एवढं ध्यानात ठेवा: ताळेबंदात देणी किरकोळ दिसली की साहेब खूश.

बिल आलं नाही तर देणं झालंच नाही, या श्रद्धेपासून सुरुवात करा. मार्चमध्ये पॉलिसी घेणाऱ्यांची झुंबड उडते, त्यांच्या वैद्यकीय तपासण्या होतात आणि लॅबचं बिल येतं निवांत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. काही भाबडे लोक ३१ मार्चला अंडररायटिंगच्या (अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्या खात्याच्या) सिस्टिममधून झालेल्या तपासण्यांची यादी काढतात, समजा ४,२००. दरपत्रकातल्या ९०० रुपयांनी गुणतात आणि ३७.८० लाखांची तरतूद, म्हणजे बिल येण्याआधीच धरलेलं देणं, खर्ची टाकतात. तुम्ही नका त्या फंदात पडू.

ऑडिटरने करायलाच लावली, तर एप्रिलमध्ये ती उलटवू, म्हणजे उलट नोंदीने रद्द करू, मात्र नका. बिल ३४.२० लाखांचं आलं की नव्याने खर्ची टाका. खर्च दोनदा पडेल, पडू द्या. जुनी तरतूद संकीर्ण धनकोंत (किरकोळ देण्यांच्या खात्यात) मुरत ठेवा आणि ज्या वर्षी नफा कमी पडेल त्या वर्षी ‘आता गरज उरली नाही’ म्हणून परत घ्या. ती कशाची होती हे कोण सांगणार? नोंद घालणारा केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

एजंटांच्या खात्यांत तर कमालच करता येते. ३० दिवसांच्या फ्री-लुकमध्ये, म्हणजे नापसंत पॉलिसी परत करायच्या मुदतीत, पॉलिसी परत आली की दिलेलं कमिशन वसूल करायचं असतं, म्हणजे ते आपलं येणं. नाशिकच्या एजंटाला १० लाख द्यायचेत, कोल्हापूरच्याकडून ६ लाख यायचेत. ताळेबंदात नुसते ४ लिहा. कोल्हापूरकर एजन्सी सोडून गेला तरी नाशिककर पुरे १० मागणारच, पण तो पुढच्या वर्षीचा प्रश्न.

पॉलिसी क्रमांक चुकल्यामुळे न जुळलेला हप्ता बँकेत पडून असतो. नियमाने ते देणं. तुम्ही सरळ प्रीमियमचं उत्पन्न दाखवा. हप्ता भरलेल्या माणसाला पॉलिसी लॅप्स झाल्याची नोटीस गेली, तर कॉल सेंटर आहेच.

मृत्युदाव्याची सूचना मिळाली की रक्कम थकीत दाव्यांत धरायची असते. यावर औषध आवक-बारनिशीत आहे: २८ मार्चला आलेल्या पत्रावर १ एप्रिलचा शिक्का. आणि वारस सापडत नसेल तर जुन्याच पत्त्यावर पत्रं पाठवत राहा. १० वर्षं पडून राहिलेली रक्कम दरवर्षी १ मार्चपर्यंत ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत भरावी लागते. शोधाशोधीचा ताप आपोआप सरतो.

राहता राहिला ऑडिटर. तो एप्रिल-मे महिन्यांत दिलेलं एकेक मोठं पेमेंट उचलतो आणि माल किंवा सेवा कुठल्या तारखेची ते बघतो; मार्चची निघाली की तरतूद कुठे म्हणून विचारतो. तेव्हा एप्रिलमध्ये कोणालाच पैसे देऊ नका. छपाईवाला लघुउद्योजक असेल आणि ४५ दिवस उलटले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. त्याचीही तरतूद करू नका.