पावसात उंदीर संपत नाहीत, बांधावर येतात

जून उजाडला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो : ‘पावसाचं पाणी बिळात शिरलं की उंदीर बुडून मरतात. दाणा भरेपर्यंत काही करू नका. मग एकदा झिंक फॉस्फाइड (उंदराचं विष) टाका, वर्षभर चिंता नाही. कापणी झाली की उरलेले आपोआप निघून जातात.’ मुरबाडकडे आमची दीड एकर भातखाचरं आहेत. हा मेसेज वाचून शेजारीपाजारी निर्धास्त बसतात, म्हणून लिहितोय.

बुडतात ती बिळातली पिल्लं. मोठा उंदीर चांगला पोहतो. खाचरात पाणी भरलं की तो बांधावर चढतो आणि तिथंच नवं बीळ उकरतो. म्हणजे उंदीर थोडे आणि नेमके कुठे आहेत ते ठाऊक, असे दिवस वर्षात हेच! आवणी (भाताची लावणी) आटोपली की संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलानं लिंपायची. सकाळी ज्यांच्या तोंडाशी ताजी माती दिसेल, तीच चालू बिळं. गेल्या वर्षी आम्ही ४३ लिंपली, ११ उघडली. औषध तेवढ्यांतच गेलं.

दाणा भरेपर्यंत थांबणं फार महागात पडतं. भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत असते तेव्हाच, उंदरांची वीण जोर धरते. मादी साधारण ३ आठवड्यांत विते, एका वेताला ६-८ पिल्लं. शिवाय समोर भरलेली लोंबी असताना उंदीर आमिषाला तोंड कशाला लावेल? नुकसान बांधावरून दिसतही नाही. खाचराच्या मधोमध शिरावं लागतं, तिथं फुटवे बुडाशी तिरके कातरलेले सापडतात.

‘एकदा टाका’ हेही चूक. उंदीर आधी चाखून बघतो. थोडं खाऊन त्रास झाला की त्या आमिषाला पुन्हा शिवत नाही. म्हणून आधी २-३ दिवस नुसता तेल लावलेला भरडा, मग विषारी. या विषावर उतारा नाही, ते घरात मुलांच्या हाताशी ठेवू नका. आणि धामण दिसली तर मारू नका, कृपा करा.

कापणीनंतर उंदीर जातात ते उडवीत, म्हणजे कापलेल्या भाताच्या रचलेल्या ढिगात, आणि वालाच्या शेतात. मार्गशीर्षात शेजारच्या कातकरी काकांनी आमच्या बांधातलं एक बीळ खणलं, तर आतून सूपभर लोंब्या निघाल्या. यंदा आमच्या बांधाला लागून असलेल्या सहाही घरांनी एकाच संध्याकाळी बिळं लिंपायची असं ठरलंय.