निष्कर्षाचा रकाना कोरा ठेवा

सातवीचा 'प्रकल्प' म्हणजे काय, हे कुठल्याही पालकाला विचारून बघा. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली चित्रं, पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आणि आदल्या रात्री अकरापर्यंत फाईल सजवत बसलेली आई. 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे मुलं शिकत असतानाच वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत प्रकल्पाला जागा मिळाली, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पण बघता बघता प्रकल्पाची फाईल झाली. मुलांच्या वाट्याचं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं मला.

गेल्या पावसाळ्यात वर्गात प्रश्न ठेवला : आपल्या गावात पडलेला पाऊस विहिरीत कधी आणि किती उतरतो? जूनमध्ये मी छान आराखडा केला. आठवडे, गट, साहित्य, प्रत्येक गटाचं काम. शेवटच्या रकान्यात अपेक्षित निष्कर्षसुद्धा लिहून टाकला : 'पाऊस वाढला की पाणीपातळी वाढते.'

पर्जन्यमापकाचं काम सरळ झालं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळल्यावर मुलांनी आपण होऊन शाळेचं छप्पर मोजायला घेतलं. 12 मीटर बाय 6 मीटर. दहा मिलिमीटर पावसाचे 720 लिटर! साडेतीन पिंपं भरून वर उरतं, हा हिशोब त्या दिवशी घरोघरी पोचला.

अडलं ते विहिरीपाशी. (विहीर कठड्याची निवडली होती आणि मी किंवा शेतमालक काका सोबत असल्याशिवाय कुणी जायचं नाही, हा नियम एकदाही मोडू दिला नाही.) मुलांनी दोरीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खडूने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर गाठ मारली. दोन आठवडे मोजलं. मग काकांच्या टेपने ताडून पाहिलं, तर विसाव्या गाठीपर्यंत दोरी दहा मीटर भरायला हवी, ती साठ सेंटिमीटर कमी! बराच वेळ कुणाला काही सुचेना. शेवटी एका मुलीने एक गाठ सोडली, दोरी ताणली आणि म्हणाली, "बाई, गाठीनंच दोरी खाल्ली." एक गाठ तीन सेंटिमीटर, वीस गाठी साठ सेंटिमीटर. पुढच्या बुधवारी तिने गाठींच्या जागी रंगीत चिंध्या शिवून आणल्या. माझ्या आराखड्यात या दिवसाला जागाच नव्हती.

सप्टेंबरात पावसाने ओढ दिली. चार आठवडे थेंब नाही, म्हणजे पाणी हळूहळू उतरत जायला हवं. आमच्या आलेखात मात्र एका आठवड्यात खाली, पुढच्या आठवड्यात वर, परत खाली. मला वाटलं, नोंदीच चुकल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "बाई, त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती." शेतीची वीज आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आम्ही मोजायचो दुपारी तीनला. लाईट दिवसाची असली की मोटर सकाळपासून चालू, पाणी तळाला. रात्रीची असली की दुपारपर्यंत पाझराने विहीर भरून येते. त्याच्या घरचं पाणी धरायचं काम त्याच्याकडेच असतं, म्हणून ते त्याला दिसलं. तक्त्यात नवा रकाना आला : 'लाईट दिवसा की रात्री.'

तपासणीला आलेल्यांनी विचारलं, "फाईल कुठंय? फोटो कुठंयत?" मी खाडाखोडीची वही पुढे केली. त्यांनी ती उघडलीही नाही. हे मला लागलं, आजही लागतं. गाठीने दोरी खाल्ली हे त्याच वहीत आहे. गुण द्यायचे तर त्या पानाला द्यायला हवेत.

काही सहकारी म्हणतात, हे नवं फॅड आहे, अभ्यासक्रम कधी संपवायचा? नवं कसलं? हाताने काम करता करता शिकण्याचा विचार वर्ध्यात 1937 सालीच मांडला गेला. आणि अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर एकक रूपांतर, सरासरी, आलेख, भूजल हे सगळं त्या दोरीवरच झालं.

या जूनच्या आराखड्यात निष्कर्षाचा रकाना मी कोरा सोडलाय. ऑगस्टचे दोन आठवडेही मोकळे ठेवलेत. मागच्या सातवीने जाताना चिंध्यांची दोरी नव्या मुलांच्या हातात दिली. पहिल्याच बुधवारी त्यांनी विचारलं, "बाई, चिंधी भिजल्यावर दोरी आखडत असेल का?"