‘काय शिकलात?’ विचारू नका
गोष्ट संपली की मुलांना ‘यातून काय शिकलात?’ असं विचारा, हा मुलांना पुस्तकं वाचून दाखवण्यावरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. फुलपाखराच्या चित्रपुस्तकाचा त्याने पार धडा होऊन जातो. त्यापेक्षा पुस्तक मिटा आणि कुंडीतला कढीपत्ता दाखवा. कोवळ्या पानांवर कॉमन मॉरमन या फुलपाखराची अळी सापडते; आधी हुबेहूब पक्ष्याची शीट, मोठी झाली की हिरवीगार. (मुलांना शीटवालीच जास्त आवडते!)

अळी घरात आणलीच तर घट्ट झाकणाची बरणी नको. ओल साचते, विष्ठेवर बुरशी येते, अळी दगावते. तोंडाला जाळीचं कापड बांधा, तळाचा कागद रोज बदला, आत एक काडी तिरकी ठेवा. कोषातून निघाल्यावर फुलपाखराला लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात. पानं घरच्याच झाडाची द्या. बाजारातल्या पानांवर फवारणी असू शकते.